आधी पाणी, मग मासे

गोल्डफिश सहजासहजी मरत नाही आणि त्याचे बरेचसे हाल त्यामुळेच होतात. वरून बर्फ धरलेल्या तळ्यात, जिथे ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो, तिथेही हा मासा दिवसचे दिवस तग धरतो. ऑक्सिजनविना अंगात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं तो स्नायूंमध्ये चक्क अल्कोहोल करतो आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. ऑस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली यामागची जनुकीय यंत्रणा उलगडून दाखवली. इतका चिवट जीव काचेच्या गोल भांड्यात, फिल्टर नसलेल्या पाण्यात ठेवला तरी महिनोन्‌महिने काढतो. बघणाऱ्याला वाटतं, छान चाललंय. पण नीट ठेवला तर हाच मासा दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता.

लेकीने मासे पाळू या म्हटल्यावर मी आधी वाचायला बसले आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली. मासा पोहतोय, खातोय, एवढ्यावरून तो बरा आहे असं धरायचं नाही. पाणी मोजायचं, माशाच्या बारीकसारीक खुणा बघायच्या आणि त्यावरून काय ते ठरवायचं. टँक केवढा घ्यायचा इथपासून गावाला जाताना काय करायचं इथपर्यंत सगळं मग त्यावरूनच ठरत गेलं.

पहिला प्रश्न होता कोणते गोल्डफिश. यांच्यात सरळसरळ दोन गट पडतात. कॉमन, कॉमेट, शुबुंकिन हे लांबट अंगाचे, एकेरी शेपटीचे. ते फूटभर वाढतात, सुसाट पोहतात आणि खरं तर त्यांची जागा तळ्यात किंवा मोठ्या हौदात. दुसरा गट ओरांडा, रयुकिन, फॅनटेल, रांचू, ब्लॅक मूर अशा फॅन्सी माशांचा. अंग आखूड, पोट गोल, शेपटी दुहेरी. यांची वाढ साधारण सहा ते आठ इंचांपर्यंत. दोन्ही गट एका टँकमध्ये ठेवू नयेत, कारण लांबट मासे सगळं खाणं पटकावतात आणि फॅन्सी मासे पोचेपर्यंत काही उरत नाही. चीनमध्ये हजार वर्षांहून जास्त काळ माणसाने निवडून निवडून या माशांना असे आकार दिले. गोल पोटात आतडी आणि वाताशय, म्हणजे तरंगायला लागणारी हवेची पिशवी, दाटीवाटीने बसलेले असतात, ब्लॅक मूरच्या बाहेर आलेल्या डोळ्यांना धड दिसत नाही. आपल्या हौसेपायी त्यांना हे शरीर मिळालं आहे, तेव्हा त्यातल्या अडचणी सांभाळणं आपल्याकडे येतं असं मला मनापासून वाटतं. मी तीन फॅन्सी मासे ठेवायचं ठरवलं आणि टँक त्या हिशोबाने घेतला.

टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर अडीचशे लिटर, वर थोडी जागा सोडून सव्वादोनशेच्या आसपास. तिघांना हा मोठा वाटेल, पण गोल्डफिश खूप खातो आणि खूप घाण करतो. पाणी जितकं जास्त तितकी ती घाण विरळ होते आणि काही बिनसलं तर हाताशी वेळ उरतो. उंच आणि अरुंद टँक दिसायला देखणा असला तरी मी तो घेतला नाही. ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून, म्हणून पाण्याचा वरचा पसारा महत्त्वाचा.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच, वाळू, दगड धरून हा संसार तीनशे किलोंच्या आसपास जातो. साध्या टेबलावर तो ठेवायचा विचारही करू नये. लोखंडी स्टँड भिंतीला समांतर, खाली लेव्हल लावून तपासलेला, त्यावर प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलची शीट, म्हणजे तळाच्या काचेवर कुठे एका जागी दाब येत नाही. जागा निवडली ती ऊन थेट न येणारी. ऊन आलं की शेवाळं माजतं आणि तापमान दिवसभर वरखाली होतं. टँक भरून दोन दिवस तसाच ठेवला, सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवून पाहिला, कुठे ओल नाही याची खात्री झाल्यावरच पुढचं काम.

तळाला बारीक वाळूचा पातळ थर. गोल्डफिश तोंडात वाळू घेतो, चाळतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवून बाकीची थुंकतो. दिवसभर त्याचा हाच उद्योग असतो. वाटाण्याएवढे खडे मात्र घशात अडकतात, म्हणून ते टाळले. वनस्पतींमध्ये अनुबियास घेतलं. त्याची पानं चामड्यासारखी जाड असतात, मासे सहसा वाटेला जात नाहीत. त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं तर सडतं, म्हणून दोऱ्याने दगडाला बांधलं. टोकदार शोभेच्या वस्तू एकही नाही, ब्लॅक मूरचा डोळा फुटायला एक कंगोरा पुरतो.

फिल्टर दोन लावले. एक कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर, तासाला टँकच्या पाच-सहा पट पाणी फिरवणारा. त्याचं पाणी भोकांच्या नळीतून लांबीभर पसरवलं, कारण हे गोलमटोल मासे जोरदार प्रवाहात दमतात. दुसरा साधा स्पंज फिल्टर, एअर पंपावर चालणारा. तो दिसायला किरकोळ, पण पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. पंपाची नळी टँकबाहेर आली की तिच्यात उलट न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवला आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर नेली, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगपर्यंत पोचत नाही.

आता मुख्य भाग.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया विष आहे, कल्ले जाळतो. नव्या टँकमध्ये तो नाहीसा करणारं कुणीच नसतं. काही काळाने एका जातीचे जिवाणू स्थिरावतात आणि अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन असलेल्या पाण्यात मासा गुदमरतो. मग दुसरे जिवाणू, ज्यांत नायट्रोस्पायरा मुख्य, नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंजवर, फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या नळकांड्यांवर, वाळूच्या कणांवर चिकटून राहतात. ते सावकाश वाढतात आणि त्यांना जमायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मासे आणून सोडले आणि मग जिवाणूंची वाट पाहिली, तर तो सगळा काळ मासे विषात काढतात. चिवट असल्यामुळे बरेचसे जगतातही, आणि म्हणूनच ही पद्धत अजून सुटलेली नाही.

मी मासे न आणता टँक चालू केला. जिवाणूंना अमोनिया बाहेरून द्यायचा. शुद्ध अमोनियम क्लोराइड घेतलं. सव्वादोनशे लिटरमध्ये अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम व्हायला ते साधारण दीड ग्रॅम लागतं. तेवढं बारीक वजन करायला छोटा काटा हवा. त्याआधी नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारलं. नुसतं क्लोरीन असेल तर पाणी उघडं ठेवून आणि हवा सोडून ते उडून जातं, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असेल तर तसं उडत नाही. नळाला काय येतं ते पाणीपुरवठा करणारेच सांगू शकतात, म्हणून दोन्हींवर चालणारं डीक्लोरिनेटर वापरणं बरं. तापमान २५ अंशांच्या आसपास, एअर पंप पूर्ण जोरात. या जिवाणूंनाही ऑक्सिजन भरपूर लागतो.

आणि मग रोज संध्याकाळी टेस्ट. पट्ट्यांपेक्षा थेंबांची किट घ्यावी, तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात थेंब, झाकण लावून हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या कागदापुढे धरून रंग जुळवायचा. अमोनियाची नळी पिवळी राहिली तर शून्य, हिरवी होत गेली तर चढता. नायट्राइटची निळी असते, जांभळी झाली की नायट्राइट आहे. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाला बसतं, ती जोरजोराने हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो.

सुरुवातीचे दिवस काहीही झालं नाही. अमोनियाची नळी रोज तेवढीच हिरवी. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, नुसतं पाणी काय बघत बसतेस रोज?" लेकीचा प्रश्न ठरलेला, "आई, मासे कधी?" तिला मी टेस्टचं काम देऊन टाकलं. थेंब मोजायचे, रंग बघायचा, वहीत तारीख घालून लिहायचं. त्या वहीमुळे घरातल्या सगळ्यांनाच त्या रिकाम्या टँकमध्ये गोडी वाटू लागली. मग एका संध्याकाळी हिरवा रंग किंचित फिका दिसला आणि नायट्राइटच्या निळ्यात पहिली जांभळट झाक आली. लेक नळी घेऊन घरभर फिरली.

पुढे अमोनिया झपाट्याने उतरू लागला. उतरला की पुन्हा अर्धी मात्रा द्यायची. नायट्राइट मात्र चढून गडद जांभळ्यावर अडून बसलं. हा टप्पा सगळ्यांत लांब असतो हे माहीत होतं, पण आता अमोनिया उतरण्याचा वेगही मंदावला, म्हणून पीएच मोजला. साडेसातचा साडेसहाच्या खाली गेला होता. कारण असं की जिवाणू अमोनियावर काम करताना पाण्यातली क्षारीयता, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवणारी शिल्लक, खातात. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम. आमच्या नळाचं पाणी मृदू, त्यात ही शिल्लक मुळातच कमी. ती संपली की पीएच कोसळतो आणि जिवाणू थंडावतात. अर्धं पाणी बदललं, फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा ठेवला. तो हळूहळू विरघळतो आणि क्षारीयता टिकवतो. चार-पाच दिवसांत गाडी पुन्हा चालू झाली. ज्यांचं पाणी मृदू आहे त्यांनी केएच, म्हणजे ही क्षारीयता, मोजायची किट पहिल्या दिवसापासून जवळ ठेवावी, असं मी प्रत्येकाला सांगते. अमोनियाइतकंच हे महत्त्वाचं आहे आणि याबद्दल फार कमी बोललं जातं.

पीएच नुसता वर नेणंही चांगलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच फार विषारी. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का त्या रूपात असतो, ८ ला पाच टक्के, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे टेस्टच्या नळीचा तोच रंग एका टँकमध्ये काळजीचा असतो आणि दुसऱ्यात जीवघेणा. गोल्डफिशला ७ ते ८ मधलं काहीही चालतं. आकडा कोणता यापेक्षा तो स्थिर असावा.

महिना उलटून गेल्यावर एका सकाळी दोन्ही नळ्या स्वच्छ आल्या. एक पिवळी, एक निळी. मी २ मिलिग्रॅमची पूर्ण मात्रा दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजलं. शून्य, शून्य. चोवीस तासांत तेवढा अमोनिया फस्त करणारी वस्ती तयार झाली होती. टँक आपल्या कामाला तयार आहे याची खरी कसोटी हीच. पाणी नितळ दिसतं याला काही अर्थ नाही, कारण विषारी पाणीही काचेसारखं नितळ असतं. साठलेलं नायट्रेट काढायला बहुतेक सगळं पाणी बदललं आणि त्याच दिवशी मासे आणायला गेलो. जिवाणूंना उपाशी ठेवायचं नव्हतं.

मासे निवडताना मी रंगाकडे शेवटी पाहिलं. आधी पाठीवरचा पर ताठ आहे का, मासा एका जागी तोंड वर करून श्वास घेतोय का, कल्ल्यांची हालचाल दोन्ही बाजूंना सारखी आहे का, खवले अंगाला बसलेले आहेत का. आणि त्याच हौदात एखादा आजारी मासा असला तर तिथून काहीच घ्यायचं नाही, बाकीचे कितीही छान दिसोत. एक ओरांडा आणि एक फॅनटेल मिळाला. पिशवी वीसेक मिनिटं टँकवर तरंगत ठेवली, तापमान सारखं झालं, मग मासे हाताने अलगद उचलून टँकमध्ये सोडले, पिशवीतलं पाणी मोरीत. पिशवी तासन्‌तास बंद राहिली असेल तर ती उघडून थेंब थेंब पाणी मिसळत बसू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळवून मासा पटकन चांगल्या पाण्यात न्यावा.

ब्लॅक मूर नंतर आला आणि त्याला क्वारंटाईन करायचं ठरलेलंच होतं. साठ लिटरचा टब घेतला आणि मोठ्या टँकमध्ये इतके दिवस मुरलेला तो स्पंज फिल्टर उचलून त्यात लावला. टब त्या घटकेपासून चालू. नवीन मासा जुन्यांबरोबर सोडण्यापूर्वी निदान चार आठवडे वेगळा ठेवावा. कंटाळा येतो, पण का ठेवायचा ते मला लगेचच कळलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूर टबच्या भिंतीला अंग घासताना दिसला. खात होता, पोहत होता, अंगावर एकही डाग नाही. फक्त अधूनमधून अंग तिरकं करून सर्रकन घासायचा आणि मधूनच पर मिटून उभा राहायचा. पाणी मोजलं तर शुद्ध. मग राहिले परजीवी.

नणंदेचा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो, तो सूक्ष्मदर्शक घेऊन आला. मूरला ओल्या हातात धरून, कव्हरस्लिपची कड कल्ल्याच्या झाकणाजवळून शेपटीच्या दिशेने अगदी हलकी फिरवली, जो चिकट थर आला तो टबमधल्या पाण्याच्या थेंबात काचेवर घेतला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत मासा परत पाण्यात. "मामी, हे बघ, हलतंय," तो म्हणाला. भिंगात एक पारदर्शक अळी अंग ताणत होती, आखडत होती. एका टोकाला डोळ्यांसारखे चार काळे ठिपके, दुसऱ्या टोकाला आकडे. हे ठिपके असलेले फ्लूक, म्हणजे माशांवरच्या परजीवी अळ्या, अंडी घालणारे, डॅक्टिलोगायरस या गटातले. कल्ल्यांवर बसतात. औषध प्राझिक्वांटेल. त्याने अळ्या मरतात पण अंडी मरत नाहीत, म्हणून अंडी फुटल्यावर पुन्हा मात्रा द्यावी लागते. थंड पाण्यात अंडी सावकाश फुटतात, तेव्हा दोन मात्रांमधलं अंतर वाढवावं लागतं. मात्रा औषधाच्या पाकिटावरून टबच्या मोजलेल्या पाण्यावर काढली, अंदाजाने नाही. घासणं थांबलं, पर उघडले, आणि तरीही पुढचे चार आठवडे नव्याने मोजून मगच मूर मोठ्या टँकमध्ये गेला. दिसलं काहीतरी की टाकलं मीठ, टाकलं निळं औषध, ही सवय मला फार खटकते. कशावर उपाय करतोय हे माहीत नसताना केलेल्या उपायाने बहुतेक वेळा फिल्टरचे जिवाणू तेवढे मरतात.

आता नेहमीची देखभाल. आठवड्यातून एकदा निम्मं पाणी बदलते. बदलण्याआधी नायट्रेट मोजते. ते लिटरला ४० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही, २० च्या खाली राहिलं तर उत्तम. सायफनची नळी वाळूच्या जरा वर फिरवली की विष्ठा उचलली जाते, वाळू खालीच राहते. नवं पाणी त्याच तापमानाचं, डीक्लोरिनेटर घातलेलं. पाणी पाईपने थेट टँकमध्ये भरत असाल तर डीक्लोरिनेटर पूर्ण टँकच्या पाण्याच्या हिशोबाने आधी घालावं. बादल्या या कामाच्याच, त्यांना साबण कधी लागलेला नाही. स्पंज त्या काढलेल्या जुन्या पाण्यात पिळते. नळाखाली धुतला तर क्लोरीनने वस्ती मरते आणि महिन्याभराचं सगळं काम पुन्हा शून्यावर. सिरॅमिकला हात लावत नाही, प्रवाह मंदावला तरच हलकं खळबळते आणि तेही स्पंज पिळला त्याच दिवशी नाही. समोरच्या काचेवरचं शेवाळं पुसते, मागच्या काचेवरचं राहू देते. मासे ते कुरतडत असतात.

वीज गेली तर सगळ्यात आधी हवा. बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवलेला आहे. कॅनिस्टर काही तास बंद राहिला तर आतलं पाणी ऑक्सिजनविना सडायला लागतं. तो तसाच चालू करू नये, आतलं पाणी ओतून टाकून मग लावावा.

खाण्याच्या बाबतीत गोल्डफिशची रचना समजून घेतली की बरेच प्रश्न सुटतात. त्याला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, साठवायची सोय नाही, म्हणून तो सारखं शोधत आणि मागत असतो. टँकजवळ कुणीही आलं की तिघं समोरच्या काचेला येऊन नाचतात. ती भूक असतेच असं नाही. दिवसातून दोन-तीनदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच. तरंगणाऱ्या दाण्यांऐवजी बुडणारे दाणे देते, वरचं खाताना मासा हवा गिळतो आणि फॅन्सी माशांत त्याने तोल जायची भीती वाढते. दाणे आधी क्षणभर भिजवून घेते. मूरला दिसत कमी, म्हणून त्याच्या कोपऱ्यात वेगळे टाकते. तो वासावर येतो. मधूनमधून उकडून सालं काढलेला मटार चुरून, कधी पालेभाजीचं पान चिमट्याला लावून. पान दिलं की दिवसभर कुरतडत बसतात, आणि माझ्या मते त्यांच्यासाठी याहून चांगला विरंगुळा नाही.

उन्हाळ्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसात. नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. यांना १८ ते २४ अंश सुखाचे. पाणी २८ च्या पुढे जायला लागलं की झाकण बाजूला करून वर जाळी टाकते, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लावते. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. दुसरा एअर स्टोन लावते, खाणं कमी करते. बर्फ ओतून एकदम थंड करण्यापेक्षा हे हळूहळू उतरवणं माशांना सोसतं.

दुसऱ्या वर्षी थंडी सरली आणि लेकीने हाक मारली, "आई, फॅनटेलवर पांढरे ठिपके!" पांढरे ठिपके म्हटलं की इक हा परजीवी आठवतो, तो दोन-चार दिवसांत टँक रिकामा करू शकतो. टॉर्च घेऊन जवळून पाहिलं. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर होते, काडीवर तर एका ओळीत, सारख्या अंतरावर. शेपटीवर एकही नाही, अंगावर एकही नाही. इक असा रांग धरून बसत नाही, तो कुठेही विखुरतो. हे वयात आलेल्या नराचे ठिपके, विणीच्या काळात येतात आणि नंतर जातात. औषधाची बाटली कपाटातच राहिली. आठवडाभरात फॅनटेल ओरांडाच्या मागे मागे फिरू लागला, तिच्या पोटाला ढुशा देऊ लागला आणि पाणी बदललं त्याच्या दुसऱ्या सकाळी अनुबियासच्या पानांवर मोहरीहून बारीक, मधाच्या रंगाची अंडी चिकटलेली दिसली. आम्ही ती वाढवली नाहीत. शेकडो पिल्लांना जागा कुठून द्यायची? आईबाप स्वतःच ती वेचून खातात, दुपारपर्यंत पानं स्वच्छ होती. लेक हिरमुसली, पण वहीत तिने तारीख लिहून ठेवली. ती नवी वही एव्हाना निम्मी भरली होती.

त्याच वर्षी तिला इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातला प्रयोग दाखवला. चाकांवर ठेवलेल्या टँकमधला गोल्डफिश ज्या दिशेला पोहेल तिकडे गाडी जाते, आणि शिकवलेले मासे खोलीतल्या ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी नेतात. तो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. तीन सेकंदांच्या स्मरणशक्तीची गोष्ट तेव्हापासून आमच्या घरात कुणी सांगत नाही. काचेवर टकटक करायची नाही, हेही तिने पाहुण्यांना स्वतःच सांगायला सुरुवात केली. गोल्डफिशचा कान तीक्ष्ण असतो, वाताशयापासून कानापर्यंत हाडांची साखळीच असते त्याला.

गावाला जायचं असलं की निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदलते. मोठे, निरोगी मासे आठवडाभर न खाता आरामात राहतात. आठ दिवसांहून जास्त असेल तर सासूबाईंसाठी एकेका वेळच्या दाण्यांच्या पुड्या बांधून वर वार लिहून ठेवते आणि दाण्यांचा डबा कुलपात टाकते. त्यांची माया मला माहीत आहे, मासे काचेला आले की त्यांचा हात आवरत नाही. फिल्टरच्या पाण्याचा आवाज थांबला तर कुठला प्लग बघायचा आणि कुणाला फोन करायचा तेही टँकच्या बाजूला चिकटवलेलं आहे. परत आल्यावर मासे काचेपाशी नाचत असतात. मी आधी नळीत पाणी घेते, अमोनिया आणि नायट्राइट बघते, मग दाणे भिजवते.